काळ्या डोंगराचा पाहुणा

माझ्या अंगाची हळद अजून नीट उतरली नव्हती, तोच माझे यजमान बोटीत बसून युगोस्लाव्हियाला निघून गेले. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, अशा घरात मी वाढले. त्यामुळे माझ्या तोंडी ते कायम 'हे' आणि 'अहो' एवढेच होते. इथेही तसंच लिहिते. हे भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कारखान्याने त्या देशातून यंत्रं मागवायचं ठरवलं आणि ती नीट समजून घ्यायला ह्यांना दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मागे उरलो मी आणि सासूबाई.

सासूबाई कोकणातल्या. ऐन तिशीत कुंकू पुसलं गेलं. मग एकुलत्या मुलाला घेऊन त्या मुंबईला भावाच्या आधाराने आल्या आणि लोकांच्या घरचे पापड लाटून, लोणची घालून त्यांनी त्याला शिकवलं. सोवळं कडक, आणि जीभ त्याहून कडक. मी त्या घरात पहिल्यांदा आमटी केली तेव्हा एक घास घेऊन त्या म्हणाल्या, "छान पातळ झालीये हो. हात धुवायला घेऊ का?" मला आधी रडू आलं, मग हसू आलं, आणि माझं हसू बघून त्यांनाही आलं. तिथून आमचं जमलं ते जमलंच. नवऱ्याची ओळख होण्याआधी माझी सासूशी मैत्री झाली, असं मी आजही सांगते.

ह्यांचं जायचं ठरलं तेव्हा सासूबाईंना थंडीची, समुद्राची, परक्या माणसांची कशाचीच भीती वाटली नाही. भीती एकच, पोराच्या ताटात काय पडेल. पण त्यांनी मुलाकडून शपथ काही घेतली नाही. उलट स्वतःलाच बांधून घेतलं. तो निघाला त्या सकाळी त्या देवापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी चहा सोडला. पोर परत येईपर्यंत मी चहाला शिवणार नाही. तू तेवढं त्याच्या पोटात अभक्ष्य जाऊ देऊ नकोस.

हे ऐकून कुणाला हसू येईल. ज्याने सासूबाईंना चहा पिताना पाहिलं नाही त्याने खुशाल हसावं. त्या बाईला आयुष्यात चैन म्हणून एवढी एकच गोष्ट माहीत होती. दुपारी कामं उरकली की भिंतीला टेकून, कप दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून त्या चहा प्यायच्या, आणि तेवढा वेळ घरात कुणी काही विचारायचं नाही. त्यांनी सोडला म्हणून मीही सोडायला निघाले, तर मला रागावल्या. "नेम माझा आहे. तू कशाला मध्ये लुडबुडतेस? तू घे." मग मी चहा करायची आणि त्या शेजारी येऊन बसायच्या. "वास घ्यायला देवाची हरकत नाही," म्हणायच्या. दोन वर्षं त्यांनी माझ्या चहाचा नुसता वास घेतला.

हे परत आले ते निम्मे होऊन. गालफडं बसलेली, मिशी वाढलेली. आंघोळ झाली, देवाला नमस्कार झाला, आणि मग नेम फेडायचा म्हणून ह्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला. सासूबाईंनी कप हातात घेतला आणि ओठाला लावण्याआधी विचारलं, "सांभाळलंस ना रे सगळं?"

"हो, आई."

त्या चहा प्यायल्या. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे भलतीकडेच बघत होते. प्रवासाचा शीण असेल, असं मी मनाशी म्हटलं. नवऱ्याचा चेहरा वाचायला शिकायला मला वेळच कुठे मिळाला होता?

त्या काळी परदेशातून माणूस आला की सगळी गल्ली त्याला बघायला यायची. यंत्रांबद्दल कुणी विचारत नसे. सगळ्यांचा प्रश्न एकच, तिथे खायचं काय? आणि हे सांगायचे. युगोस्लाव्हियात मॉन्टेनेग्रो नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे, त्यांच्या भाषेत काळा डोंगर. तिकडे वाटसरूला कुणी उपाशी पुढे जाऊ देत नाही. अनोळखी माणूस दारात आला की आधी चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी. "म्हणजे आपलं गूळपाणीच की," सासूबाई म्हणायच्या. मग बोटाएवढ्या पेल्यातून काहीतरी देतात. ते काय, हे मात्र ह्यांच्या बोलण्यात येत नसे, कारण दारूबंदीचे दिवस होते आणि समोर शेजारीपाजारी बसलेले असायचे. मग पाव. निखाऱ्यांवर पाव ठेवायचा, वर लोखंडी झाकण घालायचं आणि झाकणावर पुन्हा निखारे. "काकडीचं धोंडस भाजतो तसं!" सासूबाई खूश. प्रत्येक घराण्याचा आपापला एक संत असतो, त्याच्या दिवशी दार सगळ्यांना उघडं. "म्हणजे कुलदैवत आलं." तळलेले पिठाचे गोळे आणि मध. दुधावरची साय थरावर थर साठवून, मीठ लावून मुरवलेली. आणि निघताना फडक्यात बांधून शिदोरी, पाव, चीज, सुकी अंजिरं, अक्रोड. दोन दिवसांनी पुढच्या माणसाचं दार येईपर्यंत पुरेल एवढी.

हे सगळं सांगताना ह्यांचा चेहरा उजळायचा. सासूबाईंना तर तो मुलूख कोकणाच्या पलीकडे कुठेतरी असावा असंच वाटू लागलं होतं. "माणसं चांगली आहेत हो," त्या शेजारणींना सांगायच्या, "आणि माझा मुलगाही असा, दोन वर्षं परमुलखात राहिला पण बोट बाटवलं नाही." असं कानावर आलं की हे उठून गॅलरीत जायचे आणि मुलुंडमागच्या डोंगरांकडे बघत उभे राहायचे.

मला वाटायचं, ह्यांना तिकडची आठवण येते. नवीन नवरा, धड ओळख नाही, काय बोलावं कळत नाही. मग मी आपली स्वयंपाकातून वाट काढायला निघाले. काचामाक नावाचा एक पदार्थ ते फार वाखाणायचे. बटाटे उकडायचे, त्यातच मक्याचं पीठ घालून शिजवायचं, लाकडी दांड्याने घोटघोट घोटायचं आणि वर ती खारी साय. मी मका आणून गिरणीतून दळून आणला. गिरणीवाल्याने विचारलं, "वहिनी, गाय घेतली काय?" दोन दिवस साय साठवून तिला मीठ लावलं. घोटायला रवी घेतली तर ती मोडली, मग लाटणं घेतलं. ताटात पडलं ते पिवळं, गरगरीत, चमचा उभा राहील असं. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "ही तर मक्याची उकड. मिरची नि कढीपत्त्याची फोडणी दिली असतीस तर बरी लागली असती." ह्यांनी पहिला घास घेतला आणि तो तोंडातच धरून बसले. मला म्हणाले, "असाच लागतो." पण दुसरा घास न घेताच त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही नाहूरच्या बाजूला फिरायला गेलो. तेव्हा तिकडे भाताची खाचरं होती. बांधावरून पुढे चालता चालता हे थांबले आणि म्हणाले, "मी आईशी खोटं बोललोय."

मी विचारलं, "कोण आहे ती?"

हे आधी गोंधळले आणि मग असे हसले की शेतातले बगळे उडाले. हसणं संपलं तेव्हा म्हणाले, "आहे एक. सत्तरीची आहे. तोंडात पुढचे दात नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात त्यांच्या शेजारच्या यंत्रावर काळ्या डोंगरातला एक तरुण होता. घराण्याच्या संताच्या दिवशी तो ह्यांना आपल्या गावी घेऊन गेला. वर डोंगरात बर्फाने गाठलं, वाट बंद झाली, आणि ह्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर खाली गावात. खाली उतरणं शक्य नाही. त्या मित्राची म्हातारी आई, एक खोली, एक चूल. "बरेच दिवस मी शुद्धीत नव्हतो. डोळे उघडले तेव्हा वाटी तोंडाशी होती. कसलं आहे ते वासावरून कळलं मला. मेंढीचा रस्सा. भुकेपोटी प्यायलो असं नाही गं. ज्या हाताने तिने वाटी धरली होती ना, तो हात थरथरत होता. तो बघून प्यायलो. नंतर मांसही खाल्लं. अंगात ताकद येईपर्यंत रोज."

मी चिडले. खरं सांगते, रस्सा प्यायल्याबद्दल नाही चिडले. "मग तो चहा करण्याआधी सांगायचं होतंत," मी म्हटलं. "आता त्यांचा नेम खोट्यावर फेडला गेला. आणि हे मला सांगून मलाही त्या खोट्यात ओढलंत."

"सांगणारच होतो," हे म्हणाले. "पण तिने कप दोन्ही हातांत धरला होता."

ते हात मी दोन वर्षं कपाविना पाहिले होते. आम्ही घरी आलो. पण त्या संध्याकाळपासून हा माणूस मला माझा वाटू लागला, हेही खरं.

असेच बरेच दिवस लोटले. गणपती विसर्जन होऊन गेलं होतं आणि हवा उघडली होती. एके दिवशी हे कारखान्यातून आले ते चेहरा पाडून. त्या मित्राने कारखाना सोडून बोटीवर इंजिनाचं काम धरलं होतं, आणि त्याची बोट मुंबई बंदराला लागली होती. बंदरावरून त्याने कारखान्यात फोन केला होता. सासूबाईंनी ऐकलं मात्र, त्यांचा आनंद गगनात मावेना. "अरे, ज्यांच्या घरी तू राहिलास त्यांचा मुलगा? आणि तू असा सुतकी चेहरा करून काय उभा आहेस? जेवायला बोलाव त्याला!"

स्वयंपाकघरात मी हळूच म्हटलं, "अहो, पाहुण्याला आधीच सांगून ठेवा. मांसाचा विषय काढू नको म्हणावं."

"काय सांगू त्याला? तुझ्या आईने मला जे देऊन जगवलं, ते आमच्या घरात पाप आहे, तेव्हा तिचं नाव काढू नकोस, असं सांगू? त्या घराच्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवायला मला तोंड राहील का?"

पाहुण्याला बजावावं तर ती आई दुखावते, घरी खरं सांगावं तर ही. हे कुणालाच काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी बेत ठरवला. वरण-भात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि उकडीचे मोदक. मला म्हणाल्या, "आणि तुझी ती मक्याची उकड कर. त्याला आपलं काहीतरी ताटात दिसू दे." माझा अर्धा जीव मोदकांच्या कळ्यांत आणि अर्धा पुढे काय होणार यात. सासूबाई पहाटेच आंघोळ करून सोवळ्यात वावरत होत्या, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत.

पाहुणा आला. दाराच्या चौकटीत वाकावं लागलं एवढा उंच, कोरीव नाकाचा, हात मात्र आमच्या कारखान्यातल्या माणसांसारखे तेलाने काळवंडलेले. त्याने बूट काढले, सरळ सासूबाईंपुढे गेला, त्यांचा हात धरला आणि त्या हाताचा मुका घेतला. त्यांच्याकडे थोरामोठ्यांना नमस्कार करायची ती रीत. आमच्याकडे सोवळ्यातल्या बाईला सुनेचाही पदर लागलेला चालत नव्हता. सासूबाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे, असू दे," आणि मोरीत जाऊन पुन्हा आंघोळ करून आल्या. मी बादलीचा आवाज ऐकत उभी होते. नुसत्या हात लावण्याला ही आंघोळ, तर रस्स्याला काय?

त्याने पिशवीतून धुरावलेल्या चीजचा एक गोळा काढला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक बाटली. हे घाईघाईने खिडकी लावायला धावले. पाहुण्याने वाटी मागितली, दोन घोट ओतले आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून आधी सासूबाईंपुढे धरले.

"हे काय?"

"द्राक्षाचा अर्क आहे, आई."

"अर्क म्हणजे दारूच ना? मला कशाला शिकवतोस?" त्यांनी वाटीकडे बघून हात जोडले आणि ती हळूच पाहुण्याकडे सरकवली. "माझं पोचलं म्हणावं."

जेवणाला सुरुवात झाली. दोघे पाटांवर, मी वाढायला, सासूबाई समोर बसून लक्ष ठेवायला. इथे एक गंमत झाली. परक्या घरी ताटात काही टाकायचं नाही, टाकलं तर त्या घरच्या बाईचा अपमान, असं त्याला आईने लहानपणापासून सांगितलेलं. आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये, हा सासूबाईंचा कायदा. तो ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचा, सासूबाई मला डोळ्यांनी खुणावायच्या, मी वाढायची. पुन्हा तो संपवायचा, पुन्हा खूण. काचामाक बघून तर त्याने दोन्ही हात डोक्याला लावले आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. "पीठ जरा कच्चं राहिलंय, पण मनापासून केलंय, म्हणतो," ह्यांनी सांगितलं. मोदकांवर मोदक गेले. शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो ह्यांच्या कानाशी लागला. हे हसत म्हणाले, "आई, तो विचारतोय, या घरात थांबायचं कसं?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेवढ्यापुरतं मला वाटलं, सुटलो आपण. जेवण झालं, हात धुऊन दोघे पुन्हा पाटांवर बसले, आता सुपारी देऊन पाहुण्याला वाटेला लावायचं.

पण त्यांच्याकडे जेवण असं संपत नाही. पाहुण्याने उठायच्या आधी घरच्या वडीलधाऱ्या माणसासाठी उभं राहून चार शब्द बोलायचे असतात, पेला हातात घेऊन. तो उभा राहिला. कोटाची बटणं लावली. वाटी छातीशी धरली आणि सासूबाईंकडे बघून देवळात बोलावं तसं हळू बोलू लागला. एक वाक्य बोलायचा आणि ह्यांनी सांगावं म्हणून थांबायचा.

"म्हणतो, या घरात सदैव दिवा असो." सासूबाईंनी मान डोलावली.

"म्हणतो, तुमच्यासारखीच माझी आई आहे. तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय." सासूबाईंनी पुन्हा हात जोडले.

मग तो बराच वेळ बोलला. ह्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. पाहुण्याने थांबून ह्यांच्याकडे बघितलं.

"म्हणतो… मी आजारी होतो तेव्हा त्याच्या आईने सेवा केली."

"तो एवढा वेळ बोलला आणि तू एवढंच सांगतोस?"

पाहुण्याला वाटलं, ह्यांना शब्द सापडत नाहीत. मदत म्हणून त्याने गुडघ्याच्या उंचीवर हात धरून जनावर दाखवलं, मग हात स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरवला, मग वाटी तोंडाशी धरून पाजल्यासारखं केलं. आणि प्रेमाने ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्या खुणांना भाषांतराची गरजच नव्हती.

माझ्या हातात सुपारीचं तबक होतं, ते कुठे ठेवावं मला सुचेना.

"मेंढी का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई." हे पाटावरून उठले नव्हते; तसेच मान खाली घालून बोलत राहिले. "शुद्धीवर आलो तेव्हा रस्सा होता. मी प्यायलो. नंतर मांसही खाल्लं. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझा नेम वाया गेला. मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

मला वाटलं, आता त्या उठतील. पुन्हा आंघोळीला जातील, किंवा गावी निघून जातील, किंवा या मुलाच्या हातचं पाणी घेणार नाहीत. त्या काळी असं करणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. आणि मला कळलं की माझं ह्या बाईवर किती प्रेम आहे, कारण त्या गेल्या तर या घरात मी कशी राहू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नेमाचं मी आणि देव बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "त्यात तू पडू नकोस. त्याला विचार, मेंढ्या किती होत्या त्यांच्याकडे?"

ह्यांनी मान वर केली. प्रश्न त्यांना कळला नसावा. त्यांनी तो तसाच पाहुण्याला विचारला. पाहुण्याने एक बोट वर केलं.

"एक," ह्यांचा आवाज बदलला. ते पाहुण्याशी पुन्हा काहीतरी बोलले, त्याने शांतपणे उत्तर दिलं. "एकच होती, म्हणतो. बाकीच्या लढाईत गेल्या. आईने सांगितलं म्हणून यानेच ती कापली, आणि वाट मोकळी झाल्यावर कामासाठी हा खाली कारखान्यात परतला. आई, मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, डोंगरातली माणसं, कळप असेल."

"दूध, लोकर, सगळं त्या एकीवरच?"

"हो, म्हणतो."

सासूबाई त्या उंच माणसाकडे बघत होत्या, पण मला वाटतं त्या त्याच्या पलीकडे बघत होत्या. ज्या बाईने एकटीने चूल पेटवून मूल वाढवलंय तिला दुसऱ्या अशा घरातला डबा रिकामा झालेला कुठूनही दिसतो.

"मग पुढे हिवाळाभर तिने स्वतः काय खाल्लं?"

ह्यांनी विचारलं. वाटी अजून पाहुण्याच्या हातात होती. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आठवावं तसा. मग अगदी हळू आवाजात दोन शब्द बोलला.

"ठाऊक नाही, म्हणतो. त्याने कधी विचारलं नाही."

"आणि तू?" सासूबाई मुलाला म्हणाल्या. "तू तर तिथेच होतास."

"मी तिच्यासमोर बसून जेवत होतो, आई," हे म्हणाले. "मी रोज विचारायचो, तुम्ही जेवलात का? ती म्हणायची, माझं मघाशीच झालं, तू जेव."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात.

"आया तसंच सांगतात रे," त्या म्हणाल्या.